एंजिनाची जुळवणी : तयार की बेतलेली?

मैफल सुरू होण्यापूर्वी गायक तंबोरा लावून घेतो. शेजारीच पेटी असते. पेटीचे स्वर कारागिराने ती घडवितानाच ठरवून टाकलेले असतात. ती कोणीही, कोठेही वाजविली तरी तेच स्वर उमटतात. तंबोऱ्याचे तसे नाही. गायकाचा गळा, त्या दिवसाची हवा, तारांची अवस्था आणि जवारीचा दोरा या सर्वांचा मेळ घालूनच तो लावावा लागतो. उत्तम लागलेल्या तंबोऱ्याने जे समाधान लाभते ते पेटीने लाभत नाही; परंतु चुकीच्या लागलेल्या तंबोऱ्यापेक्षा साधी पेटी पुष्कळ बरी, हेही श्रोत्यांना ठाऊक असते. वरवर पाहता मोटारीच्या एंजिनाशी या गोष्टीचा काही संबंध दिसत नाही. तथापि टर्बोचार्जर असलेल्या मोटारीचा मालक जेव्हा एंजिनाची शक्ती वाढविण्याचे मनात आणतो, तेव्हा त्याच्यापुढे उभा राहणारा पहिला प्रश्न नेमका याच जातीचा असतो. तयार जुळवणी विकत घ्यावी, की आपल्या एकट्या गाडीपुरती ती बेतून घ्यावी?

हा प्रश्न आता शर्यतींच्या शौकिनांपुरता उरलेला नाही. टर्बो बसविलेली लहान पेट्रोल एंजिने भारतात सामान्य कुटुंबांच्या गाड्यांतही आली आहेत, आणि मोठ्या शहरांतून एंजिनाचे 'रिमॅपिंग' करून देणारी दुकानेही उघडली आहेत. अशा दुकानात शिरणाऱ्या तरुणाला बहुधा एकच आकडा सांगितला जातो: इतकी अश्वशक्ती वाढेल. तो आकडा खोटा असतोच असे नाही. परंतु ती शक्ती कोठून येते आणि तिचे मोल कोण देते, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

प्रथम यंत्राचा विचार करू. साध्या पेट्रोल एंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेपैकी सुमारे एक-तृतीयांश उष्णता धुरासोबत बाहेर निघून जाते. या वाया जाणाऱ्या धुराकडून काम करून घ्यावे, ही कल्पना स्वित्झर्लंडमधील अभियंता आल्फ्रेड ब्यूखी याने मांडली आणि १९०५ साली तिचे पेटंट घेतले. धुराच्या झोताने एक चक्र फिरते. त्याच आसावर बसविलेले दुसरे चक्र बाहेरची हवा दाबून एंजिनात कोंबते. हवा जास्त, म्हणून इंधन जास्त, म्हणून शक्ती जास्त. लहान एंजिनाने मोठ्या एंजिनाचे काम करावे, असा हा हिशेब आहे.

परंतु या हिशेबात एक अडचण दडलेली आहे. सिलिंडरात प्लगची ठिणगी पडली की आगीची लाट एका बाजूने दुसऱ्या बाजूकडे सरकत जाते. ही लाट पोचण्यापूर्वीच, पलीकडच्या कोपऱ्यात दाबलेले आणि तापलेले मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाचे हादरे पिस्टनवर हातोड्यासारखे बसतात. गॅरेजमधले मिस्त्री याला 'नॉकिंग' म्हणतात. किंचित नॉकिंग एंजिन सोसते. जोरदार आणि वारंवार झाले तर पिस्टनच्या कडा तुटतात, रिंगा निकामी होतात, आणि प्रसंगी पिस्टनला भोकही पडते. हवा जितकी अधिक दाबावी, जितकी ती तापलेली असावी आणि ठिणगी जितकी लवकर टाकावी, तितका हा धोका वाढतो. दुर्दैवाने शक्ती वाढविण्याचे मार्गही बहुतांशी हेच आहेत. म्हणून टर्बो एंजिनाची जुळवणी म्हणजे कड्याच्या किती जवळून चालावे हे ठरविणे होय.

हे ठरविण्याचे काम प्रथमपासूनच किती अवघड होते, याची साक्ष १९६२ सालच्या एका अमेरिकन गाडीने दिली. ओल्ड्समोबिल जेटफायर ही टर्बो बसवून सर्वसामान्य ग्राहकांना विकलेल्या पहिल्या मोटारींपैकी एक. तिच्या साडेतीन लिटरच्या एंजिनातून २१५ अश्वशक्ती मिळे. नॉकिंग टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण एंजिनात फवारले जाई. त्यासाठी वेगळी टाकी होती आणि ती मालकाने वेळोवेळी भरावयाची होती. कागदावर योजना निर्दोष होती. प्रत्यक्षात अनेक मालक टाकी भरण्यास विसरत. टाकी रिकामी झाली की टर्बोचा दाब आपोआप मर्यादित होई, शक्ती मंदावे, आणि तक्रारी येत. दोन वर्षांतच या गाडीचे उत्पादन थांबले, आणि पुढे टर्बो काढून साधा कार्बुरेटर बसवून देण्याची सोयही कंपनीला करावी लागली. या प्रकरणात अभियंत्यांचे गणित चुकले नव्हते. ज्या मालकाच्या हाती गाडी जावयाची होती त्याची सवय तेवढी गणितात धरली गेली नव्हती.

पुढे वीस वर्षांनी स्वीडनच्या साब कंपनीने वेगळा मार्ग धरला. एंजिनाच्या ठोकळ्यावर एक संवेदक बसविला. तो नॉकिंगचे हादरे ऐके, आणि ते ऐकू येताच टर्बोचा दाब कमी करी. हलक्या प्रतीचे पेट्रोल भरले तर शक्ती थोडी कमी मिळे, पण एंजिन वाचे. यंत्राला कान फुटले असेच म्हणावयाचे. आजच्या प्रत्येक टर्बो पेट्रोल गाडीत असे कान असतात. शिवाय हवेचे वजन, तापमान, दाब आणि धुरातील प्राणवायू मोजणारी इतर साधनेही असतात. ही सर्व मापे एका छोट्या संगणकाकडे जातात. त्याला ईसीयू म्हणतात. अमुक फेऱ्यांवर, अमुक भाराखाली किती इंधन सोडावे, ठिणगी किती अंश आधी टाकावी आणि टर्बोने किती दाब द्यावा, याचे आकड्यांचे तक्ते त्यात साठविलेले असतात. या तक्त्यांनाच 'मॅप' असे नाव पडले आहे. जुळवणी बदलणे म्हणजे हे तक्ते बदलणे.

कारखान्याचा तक्ता सावध असतो. तीच गाडी मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात चालते आणि जानेवारीत काश्मीरच्या थंडीतही चालते. तिच्यात कोठलेही पेट्रोल भरले जाईल, तेल बदलण्यास उशीर होईल, पाच माणसे व सामान घेऊन ती घाट चढेल, हे सर्व गृहीत धरून कारखाना आपली आखणी करतो आणि कड्यापासून चार पावले दूर उभा राहतो. शक्ती वाढवून देणारा प्रत्येक जण या चार पावलांपैकी काही पावले खर्च करीत असतो. तयार मॅप आणि बेतलेला मॅप यांतील भेद इतकाच की, पहिल्यात ही पावले अंदाजाने खर्च होतात, आणि दुसऱ्यात ती मोजून खर्च करता येतात.

तयार मॅपची परंपरा अमेरिकेत विशेष फोफावली. २००१ साली सुबारू कंपनीची इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स ही दोन लिटरची, २२७ अश्वशक्तीची टर्बो गाडी तेथे विक्रीस आली आणि तरुणांत लोकप्रिय झाली. अमेरिकेत १९९६ सालापासूनच्या मोटारींना स्टिअरिंगखाली तपासणीसाठी एक जोडणीची जागा ठेवण्याचे बंधन होते. तेथे हातात मावणारे एक उपकरण जोडावे, यादीतून मॅप निवडावा, आणि काही मिनिटांत तो गाडीत उतरवावा, अशी सोय झाली. गाडीचा एकही भाग बदललेला नसेल तर 'स्टेज वन'. धूर बाहेर नेणारी नळी मोकळी केली असेल तर 'स्टेज टू'. हे शब्द आज भारतातील दुकानांतही सर्रास वापरले जातात.

अशा तयार मॅपची निंदा करण्याचे कारण नाही. जबाबदार निर्मात्याने तो एकाच जातीच्या अनेक गाड्यांवर चालवून पाहिलेला असतो. त्यातील दोष पूर्वीच्या ग्राहकांकडून कळलेले आणि दुरुस्त झालेले असतात. तो स्वस्त असतो, आणि नको वाटल्यास मूळ तक्ता परत चढविता येतो. ज्याची गाडी कारखान्यातून आली तशीच आहे, ज्याचे पेट्रोल मॅपवर लिहिलेल्या प्रतीचे आहे आणि ज्याचे हवामान सौम्य आहे, त्याच्यासाठी तयार मॅप हा शहाणपणाचा मार्ग ठरू शकतो. मात्र या तीन अटींपैकी एकही सुटली, तर तयार मॅप ज्या गाडीसाठी लिहिला गेला ती गाडी आणि मालकाच्या दारातली गाडी या दोन वेगळ्या वस्तू होतात.

पहिली अट पेट्रोलची. पेट्रोल नॉकिंगला किती दाद देत नाही हे ऑक्टेन अंकाने सांगितले जाते. परंतु हा अंक सर्व देशांत एकाच रीतीने मोजत नाहीत. युरोपात आणि भारतात 'रिसर्च' पद्धतीचा अंक सांगतात. अमेरिकेत पंपावर लिहिलेला अंक हा 'रिसर्च' आणि 'मोटर' या दोन पद्धतींच्या अंकांची सरासरी असतो, आणि तो त्याच पेट्रोलासाठी चार-पाचांनी कमी येतो. अमेरिकेतील ९१ अंकाचे उंची पेट्रोल हे भारतीय मोजणीने सुमारे ९५ ठरते. आणि भारतीय मानकाप्रमाणे दीर्घकाळ मिळत आलेले ९१ अंकाचे साधे पेट्रोल अमेरिकेत सुमारे ८७, म्हणजे तेथील सर्वांत साध्या प्रतीचे ठरले असते. आता पुण्यातील एखाद्या मालकाने '९१ ऑक्टेन' असे लिहिलेला अमेरिकन मॅप घेतला आणि 'आपल्याकडेही ९१ मिळते' अशी मनाची समजूत करून घेतली, तर अंक जुळतील आणि पेट्रोल मात्र जुळणार नाही. जर्मनीत तयार झालेल्या, ९८ अंकाच्या पेट्रोलासाठी लिहिलेल्या मॅपची कथाही याहून वेगळी नाही. खुद्द अमेरिकेतही कॅलिफोर्नियात उंची पेट्रोल ९१ अंकाचे, तर पूर्वेकडील अनेक राज्यांत ९३ अंकाचे मिळते. म्हणूनच तेथील निर्माते या दोन्हींसाठी निरनिराळे मॅप देतात.

यात इथेनॉलची भर पडली आहे. भारतात २०२३ सालापासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि पुढे त्याचा प्रसार झपाट्याने झाला. इथेनॉलाने ऑक्टेन अंक वाढतो, ही जमेची बाजू. परंतु शुद्ध पेट्रोल पूर्ण जळण्यास वजनाने सुमारे १४.७ पट हवा लागते, तर या मिश्रणास सुमारे साडेतेरा पटच पुरते. म्हणजे तेवढ्याच हवेला इंधन अधिक सोडावे लागते. मंद चालीत धुरातील संवेदक हा फरक भरून काढतो. पूर्ण भाराखाली मात्र पुष्कळशा गाड्यांचा संगणक तक्त्यातील आकड्यांवरच अधिक विसंबतो, आणि तो तक्ता दुसऱ्या देशातील इंधनासाठी लिहिलेला असेल तर मिश्रण विरळ राहते. विरळ मिश्रण अधिक तापते, आणि ताप हा नॉकिंगचा सखा आहे.

दुसरी अट गाडी मूळ स्वरूपात असण्याची. अनेक हौशी मालक हवा आत घेणारी नळी बदलून मोठी बसवितात. हवेचे वजन मोजणारा संवेदक याच नळीत असतो, आणि त्याचे गणित मूळ नळीच्या व्यासावर बेतलेले असते. नळी रुंद झाली की तेवढीच हवा मंद गतीने वाहते; संवेदकाला वाटते हवा कमी आली, आणि संगणक इंधन कमी सोडतो. मालकाला एंजिनाचा आवाज भारदस्त झाल्याचा आनंद होत असतो, आणि त्याच वेळी मिश्रण विरळ होत असते. असा एखादा भाग बदलला की तयार मॅपचा आधार सुटतो. तेथे बेतलेली जुळवणी ही गरज ठरते.

तिसरी अट हवामानाची आणि उंचीची. अमेरिकेतील डेन्व्हर हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे सोळाशे मीटर उंच आहे, आणि तेथे हवेचा दाब किनाऱ्यावरील दाबाच्या पाच-षष्ठांश इतकाच असतो. भारतात लेहच्या पलीकडे खारदुंग खिंडीत हा दाब जवळजवळ निम्म्यावर येतो. विरळ हवेतून तेवढाच दाब निर्माण करावयाचा तर टर्बोला कितीतरी अधिक वेगाने फिरावे लागते, आणि त्याच्या वेगाला मर्यादा आहे. कारखान्याच्या तक्त्यात उंचीवर दाब उतरविण्याची तरतूद असते. घाईने लिहिलेल्या मॅपमध्ये ती राहिली आहे की पुसली गेली, हे पुण्याच्या रस्त्यावर कधीच कळणार नाही. ते हिमालयात कळेल, आणि तेथे जवळ गॅरेज नसेल.

मग बेतलेली जुळवणी हेच उत्तर, असे कोणी म्हणेल. पण तेथेही सावधपणा हवा. चांगल्या कारागिराची रीत अशी. गाडी रुळांवर चढवून घट्ट बांधावी. धुराच्या नळीत प्राणवायू मोजणारा अचूक संवेदक बसवावा. मग दाब आणि ठिणगीची वेळ थोडीथोडी वाढवीत, प्रत्येक पायरीवर नोंदी पाहाव्यात. एका अंशाने ठिणगी अलीकडे आणूनही जोर वाढत नसेल, किंवा नॉकिंगची पहिली खूण दिसली, तर मागे यावे आणि तेथेही न थांबता आणखी एक पाऊल मागे घ्यावे. त्यानंतर गाडी रस्त्यावर काही दिवस चालवून नोंदी पुन्हा तपासाव्यात. अशा रीतीने बेतलेला मॅप तयार मॅपपेक्षा अधिक सुरक्षितही असू शकतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. या गाडीला किती पावले शिल्लक आहेत हे कळल्यावर ती खर्च न करण्याचे स्वातंत्र्यही मिळते.

परंतु या रीतीचे सर्व मोल करणाऱ्या माणसावर अवलंबून आहे. जानेवारीच्या गार सकाळी पंख्यांसमोर काढलेला आकडा मे महिन्यात कसारा घाटात, ट्रकमागे रांगत चढणाऱ्या गाडीला लागू पडत नाही. दोन ठिकाणच्या रुळांवर एकच गाडी वेगवेगळे आकडे दाखविते. म्हणून मोठा आकडा हा मोठ्या कौशल्याचा पुरावा नव्हे. कमी फेऱ्यांवर जोराचा धक्का हवा, या गिऱ्हाइकाच्या हट्टाला बळी पडून जो कारागीर तेथेच दाब वाढवितो, तो गिअरबॉक्स आणि क्लच यांच्यावर, आणि थेट सिलिंडरात इंधन फवारणाऱ्या नव्या एंजिनांत पिस्टनवरही, मोठा भार टाकीत असतो. शिवाय काही कारागीर नॉकिंगच्या संवेदकाची संवेदनाच कमी करून टाकतात, म्हणजे नोंदीत दोष दिसत नाही. यंत्राचे कान बुजवून मिळविलेली ही शांतता एंजिनाला महाग पडते.

शासनव्यवहाराशी परिचय असलेल्यांना या वादाचे स्वरूप नवे वाटणार नाही. सर्वांसाठी केलेला नियम एखाद्याच्या बाबतीत काचतो, आणि त्याच्यापुरता विचार करावा असे वाटू लागते. विवेकाधिकार हा नियमापेक्षा न्याय्य असू शकतो. पण तो वापरणारा जाणता, निःस्पृह आणि आपल्या निर्णयाची नोंद ठेवणारा असेल तरच. जेथे असा माणूस नाही तेथे साधारण नियम बरा. तयार मॅपमागे निदान अनेकांचा अनुभव असतो. अडाणी हाताने बेतलेल्या मॅपमागे एकट्याचे धाडस तेवढे असते.

आणखी एक बाजू आहे, आणि ती मालकाच्या खाजगी हौसेपलीकडे जाते. गाडीला विक्रीची परवानगी मिळते ती तिचा धूर तपासून, आणि तो धूर या तक्त्यांवरच अवलंबून असतो. संगणकातील काही ओळींनी सार्वजनिक हवेचा किती घात होऊ शकतो हे २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्यांच्या प्रकरणात साऱ्या जगाने पाहिले. अमेरिकेत १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याखाली धूर शुद्ध करणारी व्यवस्था निकामी करणारी साधने विकणे बेकायदेशीर ठरते. भारतात मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करण्यास मनाई आहे. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व ठीक, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ती तपासणी उभ्या गाडीची असते, घाटात पूर्ण जोर लावलेल्या गाडीची नव्हे. हमी आणि विमा यांचाही विचार आधीच केला पाहिजे. तक्ता बदलल्याची खूण अनेक गाड्यांच्या संगणकात उरते, आणि मूळ तक्ता परत चढविला तरी ती नेहमीच पुसली जात नाही.

एवढे सर्व ध्यानात घेतल्यावर निवड करणे तितकेसे कठीण राहत नाही. ज्याची गाडी हमीच्या मुदतीत आहे आणि रोजच्या कामाची आहे, त्याने मूळ तक्त्यालाच हात लावू नये, हे सर्वांत स्वस्त आणि बहुधा सर्वांत योग्य उत्तर होय. ज्याला कायद्याच्या मर्यादेत राहून थोडी अधिक शक्ती हवी आहे आणि ज्याच्या गाडीत काहीही बदललेले नाही, त्याने भारतातील इंधनासाठी आणि उष्म्यासाठी लिहिलेला सौम्य तयार मॅप घ्यावा. त्यावरील ऑक्टेन अंक कोणत्या पद्धतीचा आहे हे विचारल्याशिवाय घेऊ नये. आणि ज्याने नळी, टर्बो किंवा इंधनाचे फवारे बदलले आहेत, त्याला बेतलेल्या जुळवणीवाचून गत्यंतर नाही. त्याने मात्र कारागिराला किती अश्वशक्ती मिळेल हे विचारण्यापूर्वी नोंदी पाहावयास मागाव्यात, आणि कोणत्या तापमानाला व कोणत्या पेट्रोलावर त्या घेतल्या हे विचारावे. जो याचे सरळ उत्तर देतो त्याच्याकडे गाडी सोपवावी.

या कोणत्याही मार्गाने जाण्यापूर्वी एक काम सर्वांनीच करावे. सिलिंडरांचा दाब मोजून घ्यावा, हवेच्या नळ्या कोठे गळत नाहीत ना हे पाहावे, प्लग आणि तेल बदलावे. मुळात आजारी असलेल्या एंजिनाला कोणताही मॅप बरे करीत नाही. आणि तक्ता बदलावयाचाच ठरला, तर मूळ तक्त्याची एक प्रत काढून घेऊन ती गाडीच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी. ती कधी लागेल हे सांगता येत नाही. परंतु जेव्हा लागेल तेव्हा तिच्यावाचून दुसरा आधार नसेल.